खिडकी उघडायची की लावून घ्यायची? समशीतोष्ण बेटांच्या हवेबद्दल

(खांदा कॉलनी, नवीन पनवेल येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी तीन प्रश्न शेवटी घेतले आहेत.)

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? पंख्यांचा आवाज फार आहे, पण ऑक्टोबरात पंखे बंद करा म्हणायची माझी हिंमत नाही.

पत्रकावर विषयाचं नाव जरा जड छापलं गेलंय, 'समशीतोष्ण बेटांच्या देशांचं हवामान'. प्रत्यक्षात हा विषय आपल्या जिन्यातला आहे. आमच्या इमारतीत सोळा घरं. त्यातल्या पाच घरांतली मुलं परदेशात आहेत. एक लंडनजवळ, एक डब्लिनला, एक ऑकलंडला, एक टोकियोत. पाचवा टोरांटोला आहे, पण कॅनडा काही बेट नाही, त्यामुळे त्याला आज सोडून देऊ. या प्रत्येक घरात कधी ना कधी आई-वडिलांचं जायचं ठरतं, बहुतेक वेळा नातवंडाच्या निमित्तानं. व्हिसा आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तिकडं थंडी किती असते?" मग कुणीतरी मोबाईल काढतं आणि सांगतं, "सात डिग्री. म्हणजे महाबळेश्वरच की!"

मीही तेच केलं. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि मुलीच्या बाळंतपणाला डब्लिनला निघाले तेव्हा मोबाईलवरचा आकडा बघून दोन स्वेटर भरले. तिकडं माझ्या हातून जी चूक झाली, ती पुढं सांगते. आधी थोडा शाळेतला भूगोल लागेल.

'सम' आणि 'विषम' हवामान आठवतंय का? मुंबईचं सम, नागपूरचं विषम. मुंबईत जानेवारीची सरासरी २४-२५ अंश सेल्सिअस आणि मे महिन्याची ३० च्या आसपास. फरक फार तर सहा अंशांचा. नागपूर मुंबईच्या उत्तरेला जेमतेम दोन अक्षांशांवर आहे, पण तिथं डिसेंबरात २०-२१ आणि मे महिन्यात ३५, म्हणजे फरक जवळपास १५ अंशांचा. सूर्य तोच. मुंबईजवळ समुद्र आहे आणि नागपूरजवळ नाही, एवढंच.

समुद्र म्हणजे जाड बुडाचं पातेलं. उशिरा तापतं, उशिरा निवतं. एक किलो पाणी एक अंशानं तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात चार-पाच किलो कोरडी माती तापते. शिवाय लाटा ती उष्णता घुसळून बऱ्याच खोलवर नेतात, जमीन मात्र वरवरच तापते. म्हणून उन्हाळ्यात समुद्र किनाऱ्याला थंड ठेवतो आणि हिवाळ्यात साठवलेली ऊब परत करतो.

आता या न्यायानं बघितलं, तर चारही बाजूंनी पाणी असलेल्या देशांत हवा अगदी सम असायला हवी. आयर्लंड, ब्रिटन, आइसलँड, जपान, न्यूझीलंड ही सगळी बेटं विषुववृत्तापासून लांब, मध्य अक्षांशांत किंवा त्याच्या थोडं पलीकडं आहेत. पाठ्यपुस्तकात हा पट्टा एकाच रंगानं रंगवलेला असायचा आणि वर 'समशीतोष्ण' असं लिहिलेलं असायचं. शीत आणि उष्ण सम प्रमाणात. शब्द इतका गोड आहे की माणूस निर्धास्त होतो.

आता दोन शहरं घ्या. डब्लिन ५३ उत्तर अक्षांशावर, आणि जपानच्या होक्काइदो बेटावरचं साप्पोरो ४३ वर. म्हणजे साप्पोरो आपल्या बाजूला तब्बल दहा अक्षांश, साधारण अकराशे किलोमीटर जवळ. मग जास्त थंड कुठं? डब्लिनची जानेवारीची सरासरी पाच अंश आहे आणि साप्पोरोची उणे तीन. साप्पोरोत एका हिवाळ्यात मिळून सुमारे पाच मीटर बर्फ पडतो. आपल्या दुमजली बंगल्याच्या गच्चीपर्यंत येईल एवढा, आणि तोही जवळपास वीस लाख वस्तीच्या शहरात. डब्लिनच्या पोरांना वर्षात एकदा धड बर्फ बघायला मिळाला तरी ती नाचतात.

दोन्ही बेटंच आहेत, दोघांनाही समुद्राचा वेढा आहे. मग असं का?

कारण समुद्र नुसता शेजारी असून भागत नाही. वारा समुद्रावरून यावा लागतो. मध्य अक्षांशांत वर्षाचा बराच काळ वारे पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहतात, त्यांना आपण पश्चिमी वारे म्हणतो. आयर्लंडच्या पश्चिमेला काय आहे? तीन हजार किलोमीटर अटलांटिक. वारा येतो तो पाण्यावरून आलेला, ओला आणि सौम्य. जपानच्या पश्चिमेला काय आहे? छोटासा जपानचा समुद्र आणि त्यापलीकडं सैबेरिया. हिवाळ्यात त्या प्रचंड जमिनीवर थंड, जड हवा साचते आणि तिथून वारा जपानवर येतो. समुद्राच्या त्या काठावर, साप्पोरोच्याच अक्षांशावर, व्लादिवोस्तोक आहे. तिथं जानेवारीची सरासरी उणे बारा. मधला समुद्र ओलांडताना हवा नऊ-दहा अंशांनी सुधारते, हे समुद्राचे उपकारच. पण मूळ माल सैबेरियाचा.

हे आपल्यालाही परकं नाही. मार्चमध्ये मुंबई-पनवेलला एखादा दिवस असा येतो की दुपारचे दोन वाजले तरी खारे वारे सुटत नाहीत, पूर्वेकडून घाटावरची हवा येत राहते आणि पारा चाळिशीला टेकतो. समुद्र कुठं गेलेला नसतो, नेहमीच्याच जागी असतो. वारा फक्त दुसऱ्या बाजूचा असतो.

आयर्लंड आणि ब्रिटन उबदार का, याचं एक उत्तर आपण सगळ्यांनी परीक्षेत लिहिलंय: गल्फ प्रवाह. मीही शिकवलंय आणि त्याला पूर्ण गुण दिलेत. पण हे उत्तर अर्धंच आहे. २००२ मध्ये रिचर्ड सीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला की पश्चिम युरोपच्या सौम्य हिवाळ्याचं मोठं श्रेय वाऱ्यांना जातं. उन्हाळ्यात तिथल्याच समुद्रात साठलेली ऊब पश्चिमी वारे हिवाळ्यात जमिनीवर आणतात. शिवाय अमेरिकेतल्या रॉकी पर्वतांमुळे त्या वाऱ्यांना असा बाक येतो की युरोपवर ते नैऋत्येकडून, म्हणजे उबदार बाजूनं पोचतात. प्रवाहाचा वाटा किती यावर शास्त्रज्ञांत वाद झाले, पण वारा नसता तर प्रवाहाची ऊब समुद्रातच राहिली असती, हे उघड आहे. पुरावा समोरच्या किनाऱ्यावर मिळतो. कॅनडात लॅब्राडॉरमध्ये गूज बे नावाचं गाव डब्लिनच्याच अक्षांशावर आहे, समुद्रही फार लांब नाही. पण तिथं वारा कॅनडाच्या जमिनीवरून येतो, आणि जानेवारीची सरासरी उणे सतराच्या आसपास असते.

आता टोकियो आणि लंडन. ही जोडी मला फार आवडते, कारण मोबाईलवरचा आकडा इथं पुरता फसवतो. दोन्हीकडं जानेवारीची सरासरी पाच-साडेपाच अंश. आकडा सारखा. पण टोकियोत जानेवारीत महिन्याला १९० तासांच्या आसपास ऊन मिळतं आणि लंडनला साधारण ६० तास. तिप्पट फरक! कारण सैबेरियाचा वारा जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतो, मधल्या डोंगरांवर चढतो आणि निइगाताकडच्या बाजूला बर्फ टाकून मोकळा होतो. डोंगर उतरून टोकियोकडं येईपर्यंत तो कोरडा झालेला असतो. टोकियो हिवाळ्यात पर्जन्यछायेत असतं. आकाश निळं, ऊन लख्ख, ओठ फुटतात. लंडनची पाच अंशांची थंडी ओली आणि करडी.

आणि उन्हाळ्यात तर काही नातंच उरत नाही. लंडनचा जुलै १९ अंशांचा, टोकियोचा ऑगस्ट २७ अंशांचा, आणि तोही दमट. कारण उन्हाळ्यात वारा उलटतो आणि पॅसिफिकवरून दक्षिणेकडून येतो. हा मॉन्सूनचाच चुलत भाऊ. जून-जुलैत जपानात 'बाइउ' नावाचा पावसाचा हंगाम असतो, शब्दाचा अर्थ आलुबुखाराच्या जातीचं फळ पिकायच्या दिवसांतला पाऊस. आपल्या आंबेमोहोरासारखी ही शेतकऱ्याची कालगणना. टोकियोच्या एदोगावा भागात, निशी-कसाईला, भारतीयांची मोठी वस्ती आहे. महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये तिथल्या वॉर्डसभेवर निवडूनही आले. तिथं ऑगस्टमध्ये उतरणाऱ्या पनवेलकराला वाटेल, आपण घरीच आहोत. क्यॉपेन या हवामानशास्त्रज्ञाची वर्गवारी अजून जगभर वापरतात. तिच्यात लंडन, डब्लिन, वेलिंग्टन एका खणात येतात, टोकियो दुसऱ्या खणात आणि साप्पोरो तर थेट 'थंड' गटात. पाठ्यपुस्तकातला एक रंग तिथंच फाटतो.

न्यूझीलंडबद्दल बोलायला मला पनवेल स्टेशनवरून सुरुवात करायला आवडेल. जुलैतल्या पावसात इथून पुण्याच्या गाडीत बसा. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस. गाडी बोरघाट चढते, लोणावळ्याला धुकं आणि त्याहून जास्त पाऊस, आणि मग तळेगाव-देहूरोडकडं येता येता ढग विरळ होतात. पुण्यात वर्षाचा पाऊस सातशे-साडेसातशे मिलीमीटर. प्रतिरोध पर्जन्य आणि पर्जन्यछाया, दहा गुणांचा प्रश्न.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर डिट्टो हेच आहे, फक्त घाटाऐवजी सदर्न आल्प्स. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, त्यांचं आओराकी म्हणजे माउंट कुक ३,७२४ मीटर. पश्चिम किनाऱ्यावर होकिटिका नावाचं गाव आहे, तिथं पाऊस सुमारे २,९०० मिलीमीटर. त्यांचं पनवेलच ते! डोंगरापलीकडं क्राइस्टचर्च, तिथं सहाशेच्या आसपास, म्हणजे पुण्याहूनही कमी. दोन्ही बाजू जोडणारी रेल्वे आहे, तिचा ओटिराचा साडेआठ किलोमीटरचा बोगदा १९२३ मध्ये सुरू झाला. आणखी दक्षिणेला मिलफर्ड साउंडला साडेसहा हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आपल्या आंबोलीच्या तोडीचा.

एक फरक मात्र मोठा आहे. आपला नैऋत्य मॉन्सून चार महिने येतो आणि जातो. तिथले पश्चिमी वारे बारमाही आहेत. त्यामुळे तिथं 'पावसाळा' असा वेगळा महिनाच नाही, वर्षभर कधीही पडतो. आणि डोंगर ओलांडून खाली उतरणारी हवा दाबली जाऊन तापते. क्राइस्टचर्चला वायव्येकडून असा वारा सुटला की आल्हाददायक शहर एका दुपारी भट्टी होतं. न्यूझीलंडचा उच्चांक ४२.४ अंश याच भागातल्या रँगिओराचा, ७ फेब्रुवारी १९७३ चा. मग दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडून वारा फिरला तर पारा धाडकन खाली. दक्षिणेला अंटार्क्टिकापर्यंत मध्ये अडवायला कुणी नाही. म्हणून तिथले लोक उन्हाळ्यातही जाकीट सोडत नाहीत.

पावसाचा विषय निघालाच आहे, तर एक गैरसमज काढून टाकू. लंडन म्हणजे पाऊस असं आपल्या डोक्यात असतं. लंडनचा वर्षाचा पाऊस सहाशे मिलीमीटरच्या आसपास आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पडला. म्हणजे लंडनला दीड वर्षात पडतो त्यापेक्षा जास्त पाऊस आपण एका दिवसात झेलला, आणि या सभागृहात तो दिवस विसरलेलं कुणी नसेल. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड. तिथल्या माणसाला डब्लिनचे साडेसातशे मिलीमीटर म्हणजे चेष्टाच वाटेल. पण डब्लिनमध्ये ते साडेसातशे मिलीमीटर जवळजवळ १३० दिवसांत वाटून पडतात आणि आयर्लंडच्या पश्चिम टोकाला तर दोनशेहून जास्त दिवस पाऊस असतो. आपला पाऊस कोसळतो, त्यांचा झिमझिमत राहतो. पाणी कमी, ओल जास्त.

आता माझी चूक सांगते.

मुलीचा फ्लॅट जुन्या इमारतीत. बाळ तीन आठवड्यांचं. नोव्हेंबर. बाहेर पाच-सहा अंश, कडाक्याची म्हणावी अशी थंडीच नाही. मी काय करावं? सगळ्या खिडक्या घट्ट लावल्या, बाळाला गार लागेल म्हणून. हीटर बेताचाच, कारण वीज महाग. बाळाचे लंगोट, दुपटी रोज धुवायची आणि बाहेर वाळत नाहीत म्हणून खोलीतच स्टँडवर टाकायची. सकाळ-संध्याकाळ कुकर. शेकशेगडीची हौस भागेना म्हणून गरम पाण्याचं पातेलं. महिन्याभरात पलंगामागच्या कोपऱ्यात काळे ठिपके आले. मग वॉर्डरोबच्या मागं. मग बाळाला खोकला. घरमालकाला कळवलं, त्यानं पुसून घ्या म्हणून सांगितलं. आम्ही पुसलं. ठिपके परत आले.

तिकडं बाळंतिणीला आणि बाळाला बघायला पब्लिक हेल्थ नर्स घरी येते. ती आत आली, कोपऱ्याकडं बघितलं, कपड्यांच्या स्टँडकडं बघितलं आणि सरळ खिडकी उघडली. मी मनात म्हटलं, काय बाई आहे! हिवाळ्यात, ओल्या हवेत, लहान मूल घरात असताना खिडकी उघडते?

ती गेल्यावर मी कागद घेऊन बसले. आणि मंडळी, मला लाज वाटली. दवबिंदू मी तीस वर्षं शिकवत होते.

बघा, हिशेब सोपा आहे. हवा जितकी गरम, तितकं जास्त बाष्प तिच्यात मावतं. पाच अंशांच्या हवेत एका घनमीटरला फार तर सात ग्रॅम बाष्प मावतं. वीस अंशांच्या हवेत सतरा ग्रॅम. डब्लिनची बाहेरची हवा पाच अंश आणि ९० टक्के आर्द्रतेची, म्हणजे अगदी ओली. तिच्यात बाष्प किती? सहा ग्रॅम. तीच हवा घरात घेऊन वीस अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता होते ३५ टक्के! खडखडीत कोरडी. म्हणजे खिडकी उघडली की ओल बाहेर जाते. ओल बाहेरून येतच नव्हती. ती माझ्या कुकरमधून, दुपट्यांतून आणि चार माणसांच्या श्वासातून येत होती आणि मी तिला कोंडून ठेवत होते.

उरलेला अर्धा हिशेब भिंतीचा. घरात वीस अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू बरोबर बारा अंशांना येतो. भिंतीला आतून उष्णतारोधक थर नसेल, तर बाहेरच्या बाजूचा कोपरा सहज बारापर्यंत उतरतो. तिथं दव पडतं आणि बुरशीला तेवढं पुरतं. आपण गार ताकाच्या पेल्याला बाहेरून पाणी सुटलेलं बघतो ना, तसा तो कोपरा म्हणजे ताकाचा पेला.

आता मी ज्यासाठी उभी आहे ती गोष्ट. या बेटांची तुलना करताना बाहेरचं तापमान बघून धोका ओळखता येत नाही, कधीकधी तो नेमका उलटा निघतो. आइसलँड बघा. रेक्याविक ६४ अक्षांशावर, जानेवारीची सरासरी शून्याच्या आसपास. पण दहातली नऊ घरं जमिनीतल्या गरम पाण्यानं तापवलेली. बाहेर वादळ, आत माणसं अर्ध्या बाह्यांत. न्यूझीलंड सगळ्यांत सौम्य, ऑकलंडचा जुलैसुद्धा अकरा अंशांचा, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या घरं पातळ लाकडी बांधली गेली. 'थंडी कुठं फार असते?' असं म्हणत. नव्या घरांना उष्णतारोधक थर सक्तीचा झाला तो १९७८ मध्ये. भाड्याच्या घरांत बैठकीची खोली १८ अंशांपर्यंत तापवू शकेल असा हीटर हवा, हा नियम सगळ्या खासगी भाड्याच्या घरांना लागू झाला तो १ जुलै २०२५ पासून. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१८ मध्ये घरातल्या तापमानासाठी १८ हाच किमान आकडा सांगितला आहे.

माणसं मरतात तीही याच हिशेबानं. हिवाळ्यात इतर महिन्यांपेक्षा किती टक्के जास्त मृत्यू होतात याची युरोपभराची तुलना हीली नावाच्या संशोधकानं २००३ मध्ये मांडली. फिनलंडमध्ये दहा टक्के, आयर्लंडमध्ये एकवीस. जपानातही तसंच. बर्फाळ होक्काइदोत हिवाळ्यातली मृत्यूंची वाढ देशात अगदी कमी असते, कारण तिथली घरं नीट बांधलेली आणि पूर्ण तापवलेली असतात. दक्षिणेकडच्या सौम्य भागांत एकच खोली तापवायची आणि न्हाणीघर गारठलेलं ठेवायचं अशी पद्धत आहे, आणि म्हातारी माणसं त्या गारठ्यातून कढत पाण्यात उतरताना कोसळतात. इंग्लंडमध्ये रॉचडेलला २०२० मध्ये दोन वर्षांचं एक मूल दगावलं. घरातल्या बुरशीमुळे, असं नंतर चौकशीत नोंदलं गेलं. त्यानंतर सामाजिक भाड्याच्या घरांसाठी कायदा करावा लागला.

उन्हाळ्याचं नाणं दुसऱ्या बाजूनं तसंच. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडमध्ये कॉनिंग्जबीला ४०.३ अंश झालं. आपण म्हणू, त्यात काय! पण पंखा नाही, एसी नाही, खिडक्या अर्ध्याच उघडणाऱ्या. त्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये ६५ वर्षांवरचे सुमारे २,८०० जण नेहमीपेक्षा जास्त दगावले. चाळीस अंश पनवेलला आणि चाळीस अंश तिथं, हे वेगळे आकडे आहेत.

उजेडाबद्दल थोडक्यात. आपल्याकडं डिसेंबरातला सगळ्यांत लहान दिवसही अकरा तासांचा. डब्लिनला साडेसात, रेक्याविकला चार. त्यातून ढग. आपल्या सावळ्या कातडीला 'ड' जीवनसत्त्व तयार करायला जास्त ऊन लागतं. म्हणून ब्रिटनचा सरकारी सल्ला असा आहे की शरद आणि हिवाळ्यात सगळ्यांनी रोज १० मायक्रोग्रॅम 'ड' जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा, आणि सावळ्या-काळ्या कातडीच्या माणसांनी वर्षभर. न्यूझीलंडला गोष्ट उलटी. जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या थोडी जवळ असते, वर ओझोन कमी, हवा स्वच्छ, त्यामुळे उत्तर गोलार्धातल्या तेवढ्याच अक्षांशापेक्षा अतिनील किरणं जवळजवळ चाळीस टक्के जास्त. हवा गार असल्यानं चटका कळत नाही आणि संध्याकाळी मान सोलवटलेली असते.

प्रश्न घेऊ या.

(एक श्रोत्या) पुढच्या महिन्यात लेकीकडं डब्लिनला जाणार आहे. कपडे काय घेऊ?

काकू, जाड स्वेटर एकच घ्या. त्याच्या आत घालायला पातळ थर घ्या आणि वरून वारा आणि पाणी अडवेल असं टोपीचं जाकीट. छत्री नेऊ नका, तिकडच्या वाऱ्यात ती पहिल्या चौकात उलटी होते. आणि घरात घालायला गरम सपाता न्या, विनोद नाही करत. बाहेर तुम्ही तासभर असाल, घरात तेवीस तास. कपडे वाळवायला मशीन असेल तर संकोच न करता वापरा, नसेल तर ज्या खोलीत कपडे, तिचं दार बंद आणि खिडकी किलकिली. कुकर लावला की वरचा एक्झॉस्ट चालू.

(एक तरुण श्रोता) मुलाला दमा आहे आणि न्यूझीलंड की इंग्लंड असा नोकरीचा पर्याय आहे. हवा कुठली बरी?

मी डॉक्टर नाही, तो भाग त्यांना विचारा. पण भूगोलानं सांगते, देश निवडून हा प्रश्न सुटणार नाही. घर निवडा. भाड्यानं घेण्याआधी विचारा, भिंतीत आणि छतात उष्णतारोधक थर आहे का, काचा दुहेरी आहेत का, न्हाणीघरात बाहेर हवा टाकणारा पंखा आहे का. पलंग आणि कपाट पुढं ओढून भिंत बघा. वास घ्या. आणि एक लक्षात ठेवा, न्यूझीलंडमध्ये सूर्य उत्तरेकडून असतो. तिथं उत्तरेकडं तोंड असलेलं घर उबदार, इंग्लंडमध्ये दक्षिणेकडं. आपल्याकडून गेलेले लोक हे हमखास विसरतात.

(एक ज्येष्ठ श्रोते) मग आपल्याकडं पावसाळ्यात बुरशी येते तेव्हा खिडकी उघडली तर चालेल?

आजोबा, इथं हिशेब उलटतो. जुलैत आपली बाहेरची हवा २७ अंश आणि ९० टक्के, म्हणजे घनमीटरला तेवीस ग्रॅम बाष्प. डब्लिनच्या जवळजवळ चौपट. आत घेऊन ती तापतही नाही, कारण आतही सत्तावीसच. त्यामुळे खिडकी उघडून ओल जात नाही, वारा खेळतो आणि बरं वाटतं इतकंच. इथं एक उपाय लागू पडतो, हवा थोडी तापवायची. माझी आई पावसाळाभर लाकडी कपाटात खालच्या खणात साठ वॉटचा पिवळा बल्ब लावून ठेवायची. दोन-तीन अंश वाढले की कपाटातली आर्द्रता उतरायची आणि पैठणीला डाग पडायचा नाही. मीही लावते. पण हल्ली दुकानदार एलईडीच देतो, आणि एलईडी तापत नाही. मागच्या जूनमध्ये पनवेलच्या बाजारात चार दुकानं फिरले तेव्हा एक जुना बल्ब मिळाला. तो काळजीपूर्वक लावा, कपड्यांपासून लांब आणि वर जाळी बसवून.